तेजस्वीचा खुराक

आमच्या शेजारचे कृष्णातभावजी हरल्याचं कधी कबूल करायचे न्हाईत. तालमीतला जुना गडी. मैदानात चितपट झाले तरी म्हणायचे, "माती ओली हुती की!" आता म्हशी राखत्यात. संध्याकाळी गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या करायच्या, गिऱ्हाईकासमोर धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात द्यायचा, ह्यो त्यांचा धंदा.

पोरगी तेजस्वी इंजिनिअरिंगला. एकदा तिच्या सॅकमध्ये एनर्जी ड्रिंकचा डबा दिसला.

"ह्ये काय गं?"

"ताकद येती, पप्पा. झोप येत न्हाई. कॉलेजात समदी पित्यात."

ताकद म्हटलं की संपलं! भावजी स्वतःच दुकानातनं डबे आणाय लागले. कुस्ती जवळ आली की खुराक वाढवायचा, ही तालमीची रीत. परीक्षा जवळ आली तसं ह्यांनी डबे वाढवले. घरचं दूध राहिलं बाजूला. पोरीचे हात कापायचे, जेवण जाईना. मी म्हटलं, "भावजी, पोरगी सुकली की!"

"अभ्यासाचा ताण हाय, वैनी. उद्यापास्नं अजून एक देतो."

काय बोलायचं ह्या माणसाला!

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती छाती धरून जिन्यातच बसली. "काकू, काळीज लई धडधडतंय." भावजींना हाक मारली, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, काय काय पिते ते विचारलं आणि म्हणाल्या, "एवढे डबे कोण देतं तुला?"

तेजस्वी बापाकडं न बघता म्हणाली, "मीच पिते, चोरून."

भावजींचा चेहरा बघवत नव्हता. "खोटं बोलती ती," ते म्हणाले. "मी देतो. माझ्या हातानं."

"ह्यात ताकद नसते हो," बाई म्हणाल्या. "दमलेल्या अंगाला नुसतं पळवतं. हे बंद करा, तिला झोपू द्या."

पेपर बुडला, पण पोरगी सावरली.

परवा मी दुधाला गेलते. कॉलेजचा एक पोरगा तसलाच डबा घेऊन आला. भावजींनी धार थांबवली आणि भरल्या कट्ट्यावर म्हणाले, "पावणं, खुराक म्हणून ह्येच पाजलं मी माझ्या पोरीला. मरता मरता वाचली. चुकलो मी."

मला रडूच आलं बघा. ह्या खेपेला त्यांनी मातीला बोल लावला न्हाई.