मागच्या दारची शीळ

माणसानं हाक मारली तर आत्या ओ देईलच याचा नेम नसे. पण रानात पाखरू ओरडलं की तिचं उत्तर गेलंच म्हणून समजा. हातात शेणाची पाटी असो की डोक्यावर पाण्याची कळशी, कुंपणातून कुकुडकुंभा, म्हणजे भारद्वाज, घुमला की ती जागच्या जागी थांबायची, ओठ आवळायची आणि तसाच घुमार परत धाडायची. पाखरू हटकून फसायचं. जरा विचारात पडल्यासारखं गप्प राहायचं आणि पुन्हा बोलायचं. मग दोघांचं असं काही सुरू व्हायचं की चुलीपुढून आईला ओरडावं लागे, "वन्सं, पानी आना आदी. त्या पाखराला काय तान लागलेली नाय."

गावानं तिला पाखरूआत्या हेच नाव ठेवलं होतं. ही बाबांची धाकटी बहीण. आमची वाडी पोलादपूरच्या वर, कुडपणच्या वाटेला लागलं की डोंगराच्या कुशीत. आत्याला दिली होती मात्र थेट खाली, महाडच्या पुढं दासगावच्या बाजूला, खाडीकाठी. तिथं ती थोडकी वर्षं नांदली. मग नवरा मुंबईला कामाला गेला, तो पुन्हा आलाच नाही. सासू होती तोवर निभावलं. ती गेल्यावर दिरांनी "थोडे दिवस माहेरी जाऊन ये" म्हणून पाठवणी केली. ते थोडे दिवस काही संपले नाहीत. येताना आत्यानं एक पत्र्याची पेटी आणली आणि खाडीवरची सगळी पाखरं आणली. पेटीत लुगडी होती. पाखरं तिच्या गळ्यात होती.

बाईमाणसानं शीळ घालू नये, घरात साप येतो, असं वाडीतले म्हातारे सांगत. एकदा शेजारचे थोरले काका हेच सांगायला मुद्दाम ओटीवर येऊन बसले. आत्यानं त्यांना गुळपाणी दिलं आणि म्हणाली, "इतकी वर्सं घालतेय काका, आजून तुमच्याबिगर कोन आलं नाय." काका गूळ खाऊन गुमान गेले. आई मात्र त्या दिवशी तोंडाला पदर लावून दुपारपर्यंत हसत होती.

चैत्रात भाताच्या रोपांसाठी राब भाजायला डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीवर जायचो तेव्हा आम्हा मुलींना तिच्यामागून हिंडायची हौस. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत कोकलायला लागली की आम्ही ती ओरडे त्या बाजूला धावायचो. अंडी काही सापडत नसत. आत्या दगडावर बसून आमची फजिती बघत राही. "टिटवी जिथं वरडते तिथं अंडी नसतात गो," ती म्हणायची. "तुमाला लांब न्यायला वरडते ती. तिची नजर चुकवून जिथं ती गपचिप जाऊन बसते ना, तितं बगा." आणि खरोखर, आम्ही पायाखाली तुडवत आलो त्याच वाटेलगत खड्यांमध्ये खड्यांच्याच रंगाची अंडी असत. हात लावू द्यायची नाही. लांबून बघायची आणि निघायचं.

गौरीगणपतीच्या आधी महाडच्या बाजाराला आत्याच जाई आणि मला बरोबर नेई. बाजार आटपला की आम्ही चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बसून भाकरी सोडायचो. खरं तर तिथून सरळ एस.टी. गाठायची, पण आत्याचे पाय नदीकडे वळत. भरतीचं पाणी चढत असे. काठच्या चिखलात करड्या रंगाची, शेपटी हलवत तुरुतुरु पळणारी बारकी तुतारी दिसली की आत्याचा चेहरा उजळायचा. उन्हाळ्यात ही पाखरं खाडीवर नसतात. पावसाळा सरत आला की कुठून कुठून येतात. "मुंबयवाले आनि तुतारी एकदमच येतात बग," असं म्हणून ती त्यांच्याकडे बघत राही. मग एस.टी. चुके, आम्ही दुसरीनं यायचो आणि डोंगर चढून घरी पोचेपर्यंत आईनं बोलणी तयार ठेवलेली असत. ती बोलणी आत्या पाखरांच्या ओरडण्यासारखीच मन लावून ऐकायची.

गौर आमच्याकडे तेरड्याची. ती यायच्या आधी तिच्या पाटामागची भिंत सारवून आत्या तिच्यावर तांबडी काव आणि तांदळाच्या पिठानं पाखरं काढायची. वर कस्तूर, खाली होला, मग कुकुडकुंभा, खंड्या आणि तळाशी चिखलातली तुतारी. डोंगरापासून खाडीपर्यंतची वाटच ती. गौर ह्या वाटेनं माहेराहून सासरी जाते, असं आमच्या फेराचं गाणं होतं, आणि तेही आत्यानंच बसवलेलं. प्रत्येक टप्प्यावर एक पाखरू गौरीला सोबत करतं आणि आपल्या हद्दीवर थांबतं:

गौर निघाली डोंगरउतारी, सोबतीला कस्तूर गो,
कस्तूर ऱ्हायला रानात, गौर चालली दूर गो.

असं करत तुतारी तिला सासरच्या अंगणापर्यंत पोचवते. मग शेवटचं कडवं. त्यात पाखरू नाही. फेर थांबतो आणि सगळ्याजणी विचारतात, "गौर उबी दारात गो, दार कोनी उगडिलं गो?" फेरातल्या प्रत्येक लग्न झालेल्या बाईनं त्यावर आपल्या नवऱ्याचं नाव घ्यायचं. नाव घेतल्याशिवाय गाणं पुरं होत नाही. नाही तर गौर दारातच उभी राहील, तो अपशकुन. पोरींना कुणी विचारत नसे. आणि विधवा बायका फेरात उभ्याच राहत नसत.

आत्या कशात बसत होती हे कुणालाच सांगता येत नव्हतं. नवरा गेल्याची खबर नाही, असल्याचीही नाही. ती बारीकसं कुंकू लावायची; पण सवाष्णी गौरीपुढं सुपं ओवाळतात त्या ओवशाला तिला कुणी बोलवत नसे. तिला आत येऊ नको असं कुणी कधी म्हटलं नाही. आत ये असंही म्हटलं नाही. गौर पाटावर बसली की आत्या भिंतीवरच्या आपल्या पाखरांकडे एकदा बघायची, शिवायची वाकळ उचलायची आणि मागच्या पडवीत जाऊन बसायची. दिवेलागणीला मागचं दार लोटून घ्यायची आमच्याकडे रीत, लक्ष्मी मागच्या दारानं जाऊ नये म्हणून. फेर त्याच वेळेला. म्हणजे गाणं आत आणि गाणंवाली दाराबाहेर.

आम्ही पोरी दरवर्षी घोटाळा करायचो. होल्यानंतर खंड्या की कुकुडकुंभा, हे ऐन फेरात विसरायचं आणि पाय अडखळायचे. तेवढ्यात लोटलेल्या दारामागून कुकुडकुंभा घुमायचा. कडवं संपलं की खंड्याची किलकिल. मग तुतारीची बारीक, ओली शीळ. बायका गालात हसायच्या आणि फेर पुढं सरकायचा. शेवटच्या कडव्याला मात्र दारामागं काही वाजत नसे. आत एकामागून एक नावं घेतली जायची, हशा व्हायचा आणि मागं सगळं गप्प असायचं.

मला स्थळं यायला लागली तशा आमच्या घरच्या बायका माझ्यासमोर मोठ्यांच्या गोष्टी बोलायला लागल्या. तेव्हा आईकडून कळलं की आत्याचा नवरा जिवंत होता. मुंबईत आमच्या गावकीची एक खोली होती. वाडीतले सगळे कामकरी पुरुष तिथं राहत, बाबाही. ह्या माणसानं लांब दुसरीकडे दुसरा संसार मांडला होता, मुलंबाळं होती, हे त्या खोलीतल्या झाडून सगळ्या पुरुषांना ठाऊक होतं. त्यांनी आपसात ठरवलं होतं की गावात बोलायचं नाही. बाबांकडून ते आईला कळलं होतं; आत्याला सांगा म्हणून तिनं त्यांना कितीदा तरी छेडलं. बाबांचं उत्तर एकच, "सांगून तिला काय मिळनार हाय? आस लावून तरी जगतेय." माझे बाबा वाईट नव्हते. त्या खोलीत कुणीच वाईट नव्हता. सगळ्यांनी मायेपोटीच तोंड मिटलं होतं, आणि त्या मायेनं एका बाईला वर्षानुवर्षं दाराबाहेर बसवलं. मला आजही त्याचा संताप येतो आणि तो कुणावर काढावा हे कळत नाही.

त्या वर्षी आईला राहवलं नाही. गौरी बसल्या होत्या, बायका जमायच्या होत्या. मी पडवीत आत्याच्या सुईत दोरा ओवून देत होते. आई हात पुसत आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "वन्सं, ह्या वक्ताला तुमी आत या. तुमचं कुंकू शाबूत हाय. मी सांगते ना."

आत्यानं टाका घातला, दोरा ओढला. "ठाव हाय मला, वयनी."

आईचा चेहरा उतरला. "कोनी सांगितलं?"

"कोनी सांगायला कशाला पायजे? मुंबयवाले गनपतीला येतात, मी इचारते, तर एक म्हनतो गोदीत बगितला होता, एक म्हनतो बोटीवर गेला आसंल. सगळे लांब लांब बोट दाखवतात. नि माझ्याशी बोलतात किती ग्वाड. मेला आसता तर रडले आसते. हरवला आसता तर शोधला आसता." ती माझ्याकडे वळली. "टिटवी कुटं वरडते गो?"

"अंडी नसतात तितं," मी म्हटलं.

"मग चला ना आत," आई रडकुंडीला येऊन म्हणाली. "तुमचा मान हाय तो."

"आत आले तर त्याचं नाव घ्यायला लागंल. मला त्याच्या नावानं गौरीचं दार उगडायचं नाय." आत्याचा आवाज चढला नव्हता. "गानं मी बसवलं वयनी, मला ते गायचं होतं. नाव सोडून गायला तुमी मला देनार काय?"

आईनं वळून आतल्या गौरीकडे बघितलं. गौर दारात उभी ठेवायची म्हणजे काय, ह्या धाकात ती वाढली होती, तिची आईही त्यातच वाढली होती. मग बायकांच्या हाका आल्या आणि ती आत गेली; जाताना सवयीनं दार लोटून घेतलं. फेर झाला. दारामागून एकेक शीळ ठरल्या जागी आली. कधी नव्हती इतकी गोड वाजली असं मी म्हणणार नाही. नेहमीसारखीच होती, आणि तेच मला सोसलं नाही.

पुढच्या थंडीत आत्या तापानं पडली. डोलीतून तिला पोलादपूरला उतरवलं, तिथून महाडला. दवाखान्याच्या खिडकीतून नदीच्या बाजूचं आभाळ तेवढं दिसायचं. बाबा मुंबईहून धावत आले आणि तिच्या उशाशी बसून लहान मुलासारखे रडले. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, हे आम्हाला दिसत होतं. आत्यानं त्यांच्या हातावर थोपटलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे रे दादा. खाडीवर तुतारी हाय का आजून, तेवडं बगून ये." बाबा खरंच गेले. परत आले तेव्हा तुतारी आहे हे ऐकायला आत्या नव्हती.

वैशाखात माझं लग्न झालं आणि भाद्रपदात मी पहिल्या ओवशाला माहेरी आले. नवऱ्याचं नाव घ्यायची माझी पहिलीच वेळ. भिंतीवर पाखरं आईनं काढली होती. खंड्या कावळ्यासारखा झाला होता, कुणी हसलं नाही. दिवेलागणीला मागचं दार लोटलं आणि फेर धरला. होल्यापर्यंत आलो आणि नेहमीप्रमाणे अडलो. पाय थांबले. सगळ्याजणी, अगदी म्हाताऱ्यासुद्धा, कान देऊन उभ्या राहिल्या. मग आईनं ओठ आवळले. जन्मात कधी शीळ न घातलेली माझी आई; नुसती हवा निघाली. पण आम्हाला समजलं, आणि आम्ही कुकुडकुंभ्याचं कडवं उचललं.

शेवटी सगळ्यांनी विचारलं, "दार कोनी उगडिलं गो?" पहिला मान घरच्या बाईचा, आईचा. ओटीवर बाबा बसले होते. त्यांचं नाव ती आता घेणार. आई बोलेना. बायकांनी पुन्हा विचारलं. तेव्हा ती म्हणाली, "आजून कोनी उगडलंच नाय गो." आणि फेर सोडून ती मागं गेली, भरल्या दिवेलागणीला तिनं ते दार सताड उघडलं.

पडवीत पावसाचे शिंतोडे येत होते. वळणीवर अर्धी शिवलेली वाकळ होती. बाकी काही नव्हतं. नाव न घेता गाणं तिथंच संपलं. अपशकुन झाला असं कुणी म्हटलं नाही, की कुणाचं काही वाईटही झालं नाही. इतकंच तर करायचं होतं आम्हाला, आत्या होती तेव्हा. त्या दाराला आतून कडीसुद्धा नव्हती. ते नुसतं लोटलेलं असायचं.