तानबुवांचा डावा हात

गावभर त्यांना तानबुवा म्हणत, आणि हे नाव त्यांना त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाने दिले होते.

शाळेत मुलांना गाणे शिकवणारे, सदऱ्याचे गळ्याजवळचे बटणही लावल्यावाचून बाहेर न पडणारे हे गृहस्थ. पण गायला बसले की त्यांचा डावा हात त्यांच्या ताब्यात राहत नसे. तान चढू लागली की उंच फळीवरचा डबा काढावा तसा तो आपोआप वर जाई, आणि आवाज त्याच्यामागून निर्धास्त जाई.

धाकटा एका दैनिकात चित्रे काढी. संपादकांना शेवटच्या पानासाठी रोज तीन चौकटींची चित्रमालिका हवी होती; त्याने घरातलाच गवई उचलला आणि पात्राचे नाव ठेवले तानबुवा. पहिल्या चौकटीत तंबोरा, दुसरीत तान, तिसरीत त्या हाताने काहीतरी जमीनदोस्त: कधी पंखा, कधी घड्याळ, एकदा तर अध्यक्षांचा केसांचा टोप. सकाळच्या चहाला सर्वांत मोठ्याने थोरलेच हसत. "भावोजी, माझी कपाटातली भांडी तेवढी वाचवा," असे वहिनी बजावी. मालिकेने नाव काढले, धाकट्याची नोकरी पक्की झाली, त्याचा संसार उभा राहिला.

मग एका मैफलीत थोरल्यांचा हात उठला आणि मागच्या रांगेतून कुणी म्हणाले, "पंखा सांभाळा रे." सभागृह खदखदून हसले. थोरलेही हसले आणि पुढे गायले. परंतु त्यानंतर हात उठण्याआधीच लोक हसायला टपलेले असत. त्यांनी तो मांडीखाली दाबून गायला सुरुवात केली. हात अडकला तसा आवाजही अडकला. वरच्या षड्जापाशी जाऊन, दाराला कुलूप पाहून परतणाऱ्या पाहुण्यासारखा मागे फिरू लागला. बोलावणी आटली. भावाजवळ मात्र त्यांनी चकार शब्द काढला नाही. त्याच्या पोटावर पाय कसा द्यायचा?

धाकट्याला हे कळले ते एकदा श्रोत्यांत बसल्यावर. मालिका बंद करतो, असे त्याने घरी येताच सांगितले. थोरल्यांनी त्याला वेड्यात काढले. तरी त्याने राजीनामा दिला. संपादकांनी तो शांतपणे ठेवून घेतला आणि पात्र दैनिकाच्या मालकीचे असल्यामुळे तानबुवा दुसऱ्या चित्रकाराच्या हवाली केले. लवकरच नवे तानबुवा छापून आले. त्यांचा हात वाहने अडवणाऱ्या शिपायासारखा ताठ होता. लोक तेवढेच हसले.

थोरल्यांनी ते पान बराच वेळ पाहिले. "ह्याने मला गाताना पाहिलेलंच नाही रे," ते म्हणाले. "तू निदान ऐकून काढायचास."

धाकट्याने दार लोटले आणि तंबोरा पुढे घेतला. "दादा, इथं कुणी नाही. हात मोकळा सोड आणि गा."

थोरल्यांनी हात गुडघ्यावर ठेवला आणि ते गाऊ लागले. तान चढली. जिथे हात उठायचा त्या जागी येताच मात्र ते श्वासभर थांबले, समोरचे हसणे ओसरू द्यावे तसे. खोलीत कुणीच हसले नव्हते. धाकटा मान खाली घालून तारा छेडत राहिला, आणि थोरल्यांनी तान तिथूनच खाली उतरवली.