अंतरपाटातली भोकं

मी नक्की काय काम करते हे घरच्यांना समजावणं मी कधीच सोडून दिलंय. आईच्या मते मी ‘कंप्युटरवर बसते’, आणि खरं सांगायचं तर वर्णन चुकीचं नाही. अंधेरीच्या ऑफिसात पोटापाण्यासाठी बसते, आणि सुट्टीच्या दिवशी मुलुंडच्या घरी फुकटात बसते. फुकटातलं काम म्हणजे एक लायब्ररी. पुस्तकांची नव्हे, कोडची. चित्र म्हणून तिच्याकडे रेषांचं वर्णन येतं: इथून निघ, तिकडे वळ, इथे बंद कर, आत रंग भर. ते वाचायचं आणि चित्र उमटवायचं, एवढंच तिचं काम. जगभरातले आमच्यासारखे काही रिकामटेकडे मिळून ती सांभाळतात.

“जगभर वापरतात माझं काम,” असं एकदा मोठ्या तोऱ्यात आईला सांगितलं.

“मग पगार का नाही देत?” आई म्हणाली. विषय संपला.

हे जग घाटकोपरपर्यंत आलंय हे मला मावशीमुळे कळलं. मावशीचा तिथे एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा आहे, त्यात एम्ब्रॉयडरीचं मशीन. आधी ती ब्लाउजांवर मोर काढायची. हल्ली अंतरपाट काढते. मंगलाष्टकं होईपर्यंत दोन माणसांनी धरायचं कापड, पण आता ते साधं असून भागत नाही. त्यावर नवरानवरीची नावं हवीत, कमळं हवीत, वर ठळक ‘शुभमंगल सावधान’ हवं. कारण फोटोत चेहऱ्यांच्या आधी तेच येतं.

एका संध्याकाळी मी मेट्रोतून घाटकोपरला उतरत होते, तेवढ्यात मावशीचा फोन.

“काय गो, खंय आसस?”

“घाटकोपरलाच. का गं?”

“मग गाळ्यावर ये. मशीनची वाट लागली.”

गेले. टेबलावर मरून रंगाचा अंतरपाट पसरलेला, त्यावर सोनेरी धाग्यात अक्षरं. लांबून झकास. जवळ गेले तर जिथे जिथे एका अक्षराची शिरोरेषा दुसऱ्या अक्षराला भिडत होती, तिथे तिथे एक छोटं चौकोनी भोक. धागा नाहीच, खालचं मरून कापड दिसतंय. ‘शुभमंगल’ उंदरानं कुरतडल्यासारखं वाटत होतं.

“मशीनवाला म्हणतो फॉन्ट खराब, फॉन्टवाला म्हणतो मशीन खराब,” मावशी म्हणाली. “तू शिकलेली आहेस, सांग कोण खराब.”

आपल्याला काहीतरी कळतंय असं दाखवण्यासाठी मी मशीनच्या सॉफ्टवेअरमधली ‘याविषयी’ची खिडकी उघडली. तिथे अगदी खाली, मुंगीएवढ्या करड्या अक्षरांत, आमच्या लायब्ररीचं नाव होतं. आयुष्यात पहिल्यांदाच ते मला कुठल्यातरी खऱ्या मशीनवर दिसत होतं. अभिमानानं ऊर भरून यायला तो क्षण अगदी योग्य होता.

“मावशी, हे आमचंच आहे.”

“म्हणजे? तू केलंस हे?”

“मी नाही गं. आम्ही सगळे मिळून.”

“मग तुमच्या त्या सगळ्यांना सांग, शनिवारी मुलीची आई येतेय न्यायला.”

त्याच आठवड्यात मी दोष शोधून काढला. आकाराच्या आत काय आणि बाहेर काय, हे ठरवायचे दोन नियम असतात. एका नियमात एकावर एक आलेला भाग आतलाच धरतात आणि रंगवतात. दुसऱ्या नियमात तो बाहेरचा मानून कोरा सोडतात. मावशीच्या फाइलमध्ये पहिला नियम व्यवस्थित लिहिलेला होता, फक्त मध्ये एक जागा जास्त सुटली होती. आमच्या लायब्ररीला त्या एका जागेमुळे ओळ वाचता आली नाही. मग ओरडावं की नाही? नाही. तिनं ओळ गुपचूप टाकून दिली आणि स्वतःच्या मनानं दुसरा नियम लावला. हा मनाचा नियमही चुकीचाच होता, पण रोमन अक्षरं एकमेकांपासून अंतर राखून उभी राहतात, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी दोष नोंदवला. लायब्ररीत शेवटचा शब्द ज्याचा असतो तो गृहस्थ कुठल्यातरी थंड देशात राहतो. त्यानं अत्यंत सभ्यपणे विचारलं, “साध्या फॉन्टमध्ये असं होतं का?”

“साधा म्हणजे?”

“म्हणजे ज्यात अक्षरं एकमेकांवर चढत नाहीत.”

मी लिहिलं की आमच्याकडे अक्षरं जोडलेली असणं हीच साधी गोष्ट आहे, आणि लोक त्यात लग्नंसुद्धा करतात. त्यानं अंगठा दाखवणारं चिन्ह टाकलं आणि तो सुट्टीवर गेला.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. पण ती केल्याबरोबर, लायब्ररी बरोबर चित्र काढते का हे आपोआप तपासणाऱ्या आमच्या अर्ध्या चाचण्या नापास झाल्या, कारण चाचण्यांची चित्रं जुन्या चुकीवरूनच काढून ठेवलेली होती. बरोबर उत्तर लिहिलं म्हणून नापास होण्याचा अनुभव मला शाळेपासूनच होता. एकेक चित्र डोळ्यांनी तपासून बदलत बसले.

इकडे शनिवार काही थांबला नाही. “तुमची मंडळी ठरवेपर्यंत त्या मुलीला मूल होईल,” असं म्हणून मावशीनं प्रत्येक भोकात एकेक सोनेरी खडा चिकटवून टाकला. मुलीची आई आली, तिनं अंतरपाट पाहिला आणि म्हणाली, “अय्या, अक्षरा-अक्षराला खडा! हे कुठेच पाहिलं नाही हो!” पाहणार कुठे? लग्नाचे फोटो फिरले आणि मावशीकडे मुलुंडपासून पार मनोरीपर्यंतच्या ऑर्डरी आल्या. सगळ्यांना खड्यांचाच हवा.

सुट्टीवरून परतलेल्या गृहस्थानं यथावकाश माझी दुरुस्ती स्वीकारली. नवी आवृत्ती निघाली, आणि कुणीतरी अनोळखी माणूस आमच्यावर तुटून पडला. त्याच्याकडे मेदूवड्यासारखी गोल चिन्हं होती, त्यांची मधली भोकं बुजली होती. मी नम्रपणे कळवलं की त्याच्या फाइली मुळातच चुकीच्या आहेत, भोकं पडत होती ती आमच्या जुन्या चुकीमुळे.

“पण दिसत बरोबर होत्या!” त्यानं लिहिलं.

यावर थंड देशातल्या गृहस्थाचं मन लगेच द्रवलं. वापरणाऱ्यांना त्रास होता कामा नये, असं ठरलं. अंतरपाटाला जो न्याय मिळायला ऋतू बदलावा लागला, तो मेदूवड्याला संध्याकाळपर्यंत मिळाला. ज्यांना हवी त्यांच्यासाठी ‘जुनी पद्धत’ म्हणून एक पर्याय ठेवायचा, आणि तो कोण लिहिणार? मीच. जी चूक मी काढली तीच चूक मी नीट, टिपांसकट, पुन्हा लिहून काढली.

मग मावशीच्या मशीनला नवं सॉफ्टवेअर आलं.

“भोकं गेली गो!” फोनवर मावशी जवळजवळ रडत होती.

“गेली ना? बघ, मी म्हटलं होतं.”

“कित्याक घालवलंस? आता खडे खंय लावू?”

“धाग्यावर लाव.”

“धाग्यावर गोंद धरत नाही! भोकात कसा, कापडाला घट्ट बसायचा. खडे नाहीत तर पैसे परत कर म्हणून दोघीजणी येऊन गेल्या. तू आधी ती भोकं परत आण.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून थेट गाळ्यावर गेले. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी आमचा पर्याय एका आडबाजूच्या मेनूत ठेवलेला सापडला. मी तिथे खूण केली आणि मशीन सुरू केलं. ‘शुभ’ झालं, ‘मंगल’ झालं, आणि प्रत्येक जोडावर नेमकं चौकोनी भोक पडलं. मावशीनं बोट फिरवून पाहिलं. समोरच्या गाळ्यातली बाई डोकावली, तिला मावशी म्हणाली, “हे माझ्या भाचीनं बनवलंय. बाहेरच्या देशातही चालतं.”

माझ्या कामाचं घरातून झालेलं हे पहिलं कौतुक. मी चहा प्यायले.

मध्यंतरी मेदूवडेवाल्यानं आपल्या फाइली सुधारल्या. लगेच थंड देशातून प्रस्ताव आला: जुनी पद्धत आता कुणी वापरत नसणार, काढून टाकू या.

“वापरतात,” मी लिहिलं. “भारतात. लग्नांमध्ये.”

“कशासाठी?”

दोनदा लिहून खोडलं. शेवटी मावशीच्या अंतरपाटाचा फोटोच लावून दिला. दोन दिवसांनी उत्तर आलं: “सुंदर. ते चमकतंय ते काय?”

“तोच दोष.”

मग त्यानं पर्याय ठेवायला मान्यता दिली, फक्त एका अटीवर: त्यासाठी चाचणी हवी. ती मी गेल्या रविवारी लिहिली. अक्षरं जिथे जुळतात तिथे भोक पडलंच पाहिजे. नाही पडलं, तर नापास.