न आलेल्या डब्याचं माप

जी वस्तू अजून कुणी पाहिलेली नाही तिच्यासाठी कप्पा करून दे, असं गिऱ्हाईक म्हणालं, तर शहाणा सुतार चहा अर्धा टाकतो, हत्यारांची पिशवी खांद्याला लावतो आणि निघतो. मिस्त्रीही उठले होते. पण समोर बाई होत्या. बाईंनी नुसतं "बस" म्हटलं आणि सत्तावन्न वर्षांचे मिस्त्री चौथीतल्यासारखे गपकन खाली बसले.

चौथीत त्यांना याच बाई होत्या. आता त्या त्र्याहत्तर वर्षांच्या, निवृत्त, एकट्या, आणि गेम खेळणाऱ्या. म्हणजे पत्ते वगैरे नव्हे. टीव्हीला जोडायचा कन्सोल, हातात बटणांचा रिमोट, पडद्यावर राक्षस, असलं. सुरुवात औषध म्हणून झाली. बोटं आखडू नयेत म्हणून डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला होता. आठ दिवसांत बाईंना चेंडूचा कंटाळा आला. तेव्हा भाचीने आपला जुना कन्सोल आणून दिला आणि म्हणाली, "मावशी, त्यापेक्षा हे दाब." त्या दिवसापासून दुपारी तीनच्या सुमारास बाईंच्या खिडकीतून आवाज येऊ लागले. "ये, समोर ये! मागून काय येतोस मेल्या, भित्रा कुठला!" पहिल्यांदा शेजारी धावत आले होते. नंतर त्यावर घड्याळ लावू लागले.

तर तो कन्सोल बनवणाऱ्या कंपनीचा नवा कन्सोल येणार होता. सहा महिन्यांनी. दोन वर्षं नुसती आवई चालली होती आणि आता कंपनीने महिना सांगितला होता. बाकी काही नाही. तो उभा की आडवा, काळा की पांढरा, केवढा, कसा, सगळं गुलदस्त्यात. बाईंनी त्याच्या स्वागताला मोठा टीव्ही घेऊन ठेवला होता आणि आता टीव्हीखाली कपाट हवं होतं, त्यात नव्या डब्यासाठी बरोबर बसणारा कप्पा.

"बाई, वस्तू आणा. मी मापतो. मग कप्पा," मिस्त्री म्हणाले.

"वस्तू यायला अवकाश आहे."

"मग आल्यावर बोलवा."

"पाहुणा दारात उभा राहिल्यावर खोली झाडायला घेतोस का तू?"

"पाहुणा केवढा ते माहीत असतं, बाई. साडेतीन हात. उगाच नऊ हाताचा पाहुणा येत नाही कुणाकडे."

"मी या वयात वाट बघतेय ना? मग तू माप बघ," बाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

आता मिस्त्रींचा इतिहास सांगायला हवा. अडतीस वर्षांत त्यांचं एकही काम परत आलं नव्हतं. ना खण अडकला, ना दार कुरकुरलं. एक सूत इकडचं तिकडे नाही. वस्तू हातात घेतल्याशिवाय लाकडाला करवत लावायची नाही, हा नेम. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक जुनी जखम होती. चौथीत हस्तकलेच्या तासाला त्यांनी पुठ्ठ्याची पेन ठेवायची पेटी केली होती. बाईंनी तिच्यावर पट्टी ठेवली, मान हलवली आणि भर वर्गात म्हणाल्या, "याच्या हाताला माप नाही." अठ्ठेचाळीस वर्षं ते वाक्य मिस्त्रींच्या कानात होतं. गावभर वाहवा झाली, पण ती ऐकायला ज्यांचे कान हवे होते त्या बाईंनी आजवर त्यांच्याकडून साधं स्टूलही करून घेतलं नव्हतं. आज घेत होत्या, तेही असं. चुकलं तर बाईंचं म्हणणं खरं ठरणार, आणि तेही बाईंच्याच बैठकीत, कायमचं, पॉलिश करून.

मिस्त्री तडक कोपऱ्यावरच्या गेमवाल्याच्या दुकानात गेले.

गेमवाला तिशीतला, दाढीवाला, बोलका माणूस. त्याच्या काउंटरपाशी रोज चारपाच मोठी माणसं जमायची आणि न आलेल्या कन्सोलवर अशी बोलायची, की जणू पडद्याआड तयार होणारा नट आज मिशी लावून येणार की बिनमिशीचा, यावर पैजा लागल्यात. मिस्त्रींनी सरळ विचारलं, "केवढा आहे?"

"काका, तोच तर प्रश्न आहे!" गेमवाला खूश झाला. "एक फोटो आलाय. कंपनीतल्याच कुणीतरी चोरून काढलेला. पण काही कळत नाही हो त्यातून."

फोटो धुरकट होता. टेबलावर एक काळपट ठोकळा उभा. सगळ्या जगाने तो ठोकळा मोठा करकरून पाहिला होता. त्यावरचा दिवा, कडा, सावली, यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली होती. मिस्त्रींनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि ठोकळ्याकडे ढुंकूनही न बघता म्हणाले, "टेबल चांगलं आहे."

"टेबल?"

"बीच नावाचं परदेशी लाकूड. पाय चौकोनी. छान केलंय." मग त्यांनी पिशवीतून कर्कटक काढलं. टेबलाच्या पायापासून वरच्या फळीपर्यंत एक टोक, एक टोक. मग ठोकळ्याला लावलं. ठोकळा टेबलाच्या उंचीत तीन वेळा बसला. "टेबल असतं तीस इंच. जेवायचं असो, लिहायचं असो, जगात कुठेही जा, माणसाचे गुडघे तेवढेच. म्हणजे तुमचा डबा दहा इंच उंच."

दुकानात एकदम टाळ्या पडल्या. गेमवाल्याने काउंटरमागून बाहेर येऊन मिस्त्रींचे हात धरले. "काका, लाखो लोकांनी बघितला हा फोटो. टेबलाकडे कुणीच बघितलं नाही!"

त्याने ते लगेच इंटरनेटवर टाकलं. संध्याकाळपर्यंत दूरदूरचे लोक आपापली जेवणाची टेबलं मोजत होते. मिस्त्रींचं नाव पडलं 'टेबलवाले काका'. आणि तिथेच घात झाला. अडतीस वर्षं माणूस पडद्यामागे राबला आणि एकदा चुकून रंगमंचावर येऊन टाळी घेतली, की तो पुन्हा विंगेत जायला तयार होत नाही. मिस्त्री रोज दुकानात जाऊ लागले. डब्याला हवा खेळती राहायला मागे किती जागा लागेल, रंग कुठला, यावर ते ठाम मतं देऊ लागले.

"अहो," एक दिवस बायको म्हणाली, "तो डबा तुम्हाला खेळता येतो का?"

"नाही."

"घ्यायचाय का आपल्याला?"

"छे!"

"मग तो काळा का पांढरा यावरून भाजीवाल्याशी का भांडलात? आता मी दुसरीकडून भाजी आणते, मैलभर चालून."

"पांढऱ्यावर सांध्याची रेघ दिसते," मिस्त्री गंभीरपणे म्हणाले. "जाणता कारागीर पांढरा करणार नाही."

"जाणता कारागीर घरच्या पाटाचा पाय कधी बसवणार, ते सांगा."

कप्प्याची परीक्षा घ्यायची म्हणून मिस्त्रींनी सागवानाच्या तुकड्यातून दहा इंची डबाच करून टाकला. अगदी फोटोसारखा. फक्त कडा मात्र किंचित गोल केल्या, कारण धारदार कड सोडणं त्यांच्या हाताला जमेना. तो डबा गेमवाल्याने दोन दिवस काउंटरवर ठेवायला मागून नेला. लोक तो उचलून बघायला आले. "वजनाला भरलेला आहे," एकजण म्हणाला. दुसऱ्याने वास घेतला आणि म्हणाला, "जुन्यापेक्षा हा तापणार कमी."

कपाट झालं, बाईंच्या घरी लागलं. कप्पा सहा इंच रुंद, अकरा इंच उंच. मिस्त्रींनी लाकडी डबा आत सरकवला. वर एका इंचाची मोकळीक, बाजूला बोटभर. सुंदर दिसत होतं. बाईंनी दार उघडलं, मिटलं, हात फिरवला. मिस्त्री श्वास रोखून उभे.

"बघू," बाई म्हणाल्या.

तीन महिने त्या 'बघू'वर काढले.

शेवटी कंपनीने डबा दाखवायचा दिवस ठरवला, संध्याकाळी सहाला. बाईंकडे मिस्त्री, त्यांची बायको आणि दुकान बंद करून आलेला गेमवाला असे जमले. बाईंनी चहा केला होता, पण कुणाचंच त्याच्याकडे लक्ष नव्हतं. टीव्हीवर अंधार, मग संगीत, मग एका झोतात टेबल. तेच बीचचं टेबल, वर कापडाखाली झाकलेली वस्तू.

"आलं माझं टेबल!" मिस्त्री ओरडले.

मग कंपनीचा उंचापुरा साहेब चालत आला आणि टेबलाशेजारी उभा राहिला. त्याने सहज तळहात टेबलावर टेकवला. जराही न वाकता.

मिस्त्रींचा चेहरा खर्रकन उतरला. बाकी तिघं कापडाकडे बघत होते. हे एकटे त्या तळहाताकडे.

"मेलो," ते हळूच म्हणाले.

"काय झालं हो?" बायकोने विचारलं.

"उभ्याने काम करायचं टेबल आहे ते. आमच्या रंध्याच्या बाकासारखं. छत्तीस इंची. खुर्ची नव्हती फोटोत. मी खुर्ची बघायला हवी होती."

तेवढ्यात कापड उडालं. टाळ्यांचा कडकडाट झाला. काळाच होता डबा, पण आता त्याचं मिस्त्रींना काय. खाली अक्षरं उमटली. उंची बारा इंच.

गेमवाल्याने धीर करून सुचवलं, "आडवा ठेवला तर, काका?"

"आत सहा इंच रुंदी आहे."

बायको गेले तीन महिने रोज टोमणे मारत होती. आत्ता तिने नुसता त्यांचा चहा त्यांच्यापुढे सरकवला, आणि तेच मिस्त्रींना सगळ्यात जास्त लागलं. ते उठले, बाईंसमोर उभे राहिले, हात बांधले.

"बाई, तुम्ही बरोबर होतात. माझ्या हाताला माप नाही."

"मी कधी म्हटलं असं?"

"चौथीत. पेन ठेवायची पेटी. सगळ्या वर्गासमोर."

बाईंनी कपाळाला आठ्या घालून आठवायचा प्रयत्न केला. "अरे, त्रेचाळीस पेट्या असायच्या. तास पस्तीस मिनिटांचा. मी सगळ्यांनाच म्हणायचे, याच्या हाताला माप नाही, तिच्या हाताला माप नाही. घंटा व्हायच्या आत शेवटच्या बाकापर्यंत पोहोचायचं असायचं मला."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. मुख्याध्यापकांच्या मुलीलासुद्धा."

मिस्त्रींना हायसं वाटायला हवं होतं. पण त्यांना रागच आला. जे दुःख आपलं एकट्याचं म्हणून अठ्ठेचाळीस वर्षं जपलं, त्याला बेचाळीस भागीदार निघाले!

"बरं, आता दुरुस्त कधी करतोस?" बाईंनी विचारलं.

"उद्या टेम्पो आणतो. चादर झाकून घरी नेतो, तिकडे करतो."

"चादर कशाला? काय प्रेत आहे का ते? इथेच कर. माझ्यासमोर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी गिऱ्हाइकाच्या घरी बसून आपल्याच कामाला करवत लावली. आयुष्यात पहिल्यांदा. बाईंनी मुद्दाम की सवयीने, खिडक्या सताड उघड्या टाकल्या होत्या. करवतीचा आवाज ऐकून शेजारी डोकावू लागले. "काय मिस्त्री, काय झालं?" पहिल्याला मिस्त्रींनी ऐकूच आलं नाही असं दाखवलं. दुसरीला पुटपुटत म्हणाले, "जरा फळी वर घेतोय." तिसऱ्याला खरं सांगितलं. चौथा आला तोवर त्यांनी कर्कटक हातात घेतलं होतं, फोटोतलं टेबल करून दाखवलं, साहेबाचा तळहात दाखवला, आणि "मी खुर्ची बघायला हवी होती" हे म्हणण्याआधी एक श्वास थांबलेही. खिडकीतला माणूस हसून हसून गजाला धरून उभा राहिला. पाचवा आपल्या बायकोला घेऊन आला. "मिस्त्री, हिला सांगा पुन्हा, पहिल्यापासून."

अकराच्या सुमारास फळी दोन इंच वर बसली. मिस्त्रींनी सांध्यांना सरस लावला, दोन्ही बाजूंनी शिकंजे आवळले. आता सुकायला तीन तास. तोवर बसून राहायचं.

"रिकामा बसू नकोस," बाई म्हणाल्या आणि जुन्या कन्सोलचा रिमोट त्यांच्या हातात दिला. "हे चालायचं. हे उडी. हे तलवार. मागे राक्षस आहे, पळ."

मिस्त्री पळाले. वाड्याच्या दारापाशी आले आणि थांबले.

"अरे, पळ!"

"बाई, या दाराची बिजागरी बाहेरच्या अंगाला आहे. कुणीही खिळा काढील आणि आत..."

राक्षसाने मिस्त्रींना गिळलं.

"परत," मिस्त्री म्हणाले.

दुसऱ्या वेळी ते दारातून आत गेले आणि जिन्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत म्हणून मेले. तिसऱ्या वेळी जिना चढले. सातव्या वेळी त्यांनी राक्षसाला तलवार लावली आणि ओरडले, "ये, समोर ये!" तेव्हा गल्लीतल्या एका माणसाने घड्याळ बघितलं आणि तीन कसे वाजले नाहीत म्हणून ते कानाला लावलं.

अडीचला बायकोचा फोन आला. "अहो, जेवायला येताय ना? सरस सुकला का?"

मिस्त्रींनी एक हात मागे नेऊन सांध्यावर बोट दाबलं. दगडासारखा घट्ट झाला होता. बाहेर टळटळीत ऊन होतं.

"नाही गं," ते पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले. "आज हवा फार दमट आहे. अजून तासभर तरी."

"संध्याकाळ म्हण," बाई हळूच म्हणाल्या. "पुढे पूल आहे."