टॅग ज्याचा, त्यानेच काढायचा

माझ्या रागाचे किस्से आमच्या कॉलनीत पुष्कळ फिरतात. हा मात्र मीच सांगतो, कारण दुसरे सांगताना फार हसतात आणि मला पुन्हा राग येतो.

भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होतं. मी तिथल्या पोलाद कारखान्यात, सळया काढणाऱ्या मिलमध्ये फोरमन. रुआबांध्याच्या वळणावर स्कूटर घसरली, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन करून आत सळई घातली. जन्मभर सळया काढल्या, त्यातली एक अशी परत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिसी सिस्टरनं दुखण्याचं जबर इंजेक्शन दिलं आणि सलाईनमधूनही तेच औषध लावलं. केरळची पोरगी, वॉर्डात येऊन जेमतेम चार दिवस झालेले. पाच मिनिटांत मी पलंगावरून थेट ड्युटीवर. खरं सांगतो, मिल दिसत होती. डोक्यावरची एक लाईन थेंब थेंब गळत होती आणि कोणाला त्याचं काही नव्हतं. असली बेफिकिरी मला चालत नाही. जे करायचं ते केलं आणि शांत झोपलो.

दुपारी जाग आली तेव्हा मांडीत आग पेटली होती. मी लिसीच्या नावानं वॉर्ड डोक्यावर घेतला.

सकाळी घरी जाऊन हुडको कॉलनीतून डबा घेऊन परतलेली कुसुम, म्हणजे आमची सौ., दारातूनच म्हणाली, "अवो, कावून बोंबलून राहिले? लोक पाहून राहिले."

"पाहू दे. मले औषध लावलं का पानी, हे तिले विचार."

लिसी धावत आली. "सर, आपका ड्रिप डॉक्टर ने बंद किया है."

डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, मी काही बंद केलं नाही. झालं, माझं डोकं सणकलं. एक तर औषध बंद ठेवते, वर डॉक्टरांच्या नावावर खपवते?

"कम्प्लेंट रजिस्टर लाओ," मी म्हणालो.

"जाऊ द्या न," कुसुम म्हणाली. "नवीन हाय पोरगी. नोकरी जाईन तिची."

"जाऊ दे. आमच्या मिलमध्ये असती तर कवाच गेली असती."

"सर, मैं अभी प्रोबेशन में हूँ," लिसी हळूच म्हणाली. मी ऐकलं आणि तरी पानभर लिहिलं. खाली सही ठोकली.

लिसीचे डोळे भरले होते. तिनं सलाईनच्या नळीला बांधलेला एक पुठ्ठा सोडवून डॉक्टरांपुढे धरला. "सर, इसमें लिखा था. नीचे साइन भी है."

बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा, बँडेजच्या पट्टीनं बांधलेला. वर ठळक अक्षरांत, 'शटडाऊन. चालू करना मना है.' खाली न वाचता येणारी सही. न वाचता येणारी सही म्हणजे डॉक्टरांचीच, असं त्या बिचारीला वाटलं.

"ही माझी नाही," डॉक्टर म्हणाले.

मी रजिस्टरवरची सही पाहिली. मग पुठ्ठ्यावरची पाहिली.

शेजारच्या पलंगावर आमचाच क्रेन ऑपरेटर मेश्राम होता, हर्नियाचा. तो खाकरला. "साहेब, थो तुमीच बांधला. सकाळी. लाईन गळते मने, बंद केली."

"मंग उघडाची होती ना लेका."

"कशी उघडू? तुमीच तं शिकवलं. टॅग ज्याचा, थ्यानंच काढाचा. वहिनी सकाळी घरी जाताजाता हात लावून राहिल्या होत्या, म्या थ्याईलेबी रोखलं."

खरं होतं. मिलमध्ये लाईन बंद करून कोणी टॅग लावला की दुसऱ्यानं तो काढायचा नाही, नाहीतर आत काम करणारा मरतो. या एका नियमापायी मी किती जणांना घरी बसवलं असेल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खोलो," मी लिसीला म्हणालो.

तिचा हात नळीकडे गेला, तेवढ्यात मेश्राम बोलला, "असं नाही जमत साहेब. पयले लिहून द्या लागते, काम झालं मनून."

लिसीनं डोळे पुसले आणि तेच रजिस्टर माझ्यापुढे धरलं.

मी तक्रारीवर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, 'काम पूर्ण. लाईन चालू करावी. गळती फोरमनच्या डोक्यात होती.'

आणि सही केली. या वेळी वाचता येईल अशी.