सतराव्याला सुटणारा धागा

बाबांनी माग उमरेडलाच सोडला, पण नागपुरात माझ्याकडे आल्यावरही साडीच्या किनारींची नक्षी काढणं सोडलं नाही. त्यांचा नक्षीचा प्रोग्रॅम जुन्या काळचा, आजच्या कॉम्प्युटरवर चालेना. मग मी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा जुना कॉम्प्युटर, बसवून दिला. हे व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर आमच्याच कंपनीचं. त्यातलं स्क्रीनचं काम माझं, आणि त्याचा मला केवढा तोरा!

एके दिवशी बाबा म्हणाले, "किनार सरकवली का मधात झटका बसते गा. सतरा मोजले का एक धागा सुटते."

मी धड पाहिलंही नाही. म्हटलं, "बाबा, डोळे दाखवून घेऊ." धरमपेठेतल्या डॉक्टरांनी नंबर थोडा वाढवून दिला. नवा चष्मा आला, तरी सतराव्याला धागा सुटायचाच. बाबांनी प्रोग्रॅम उघडणं बंद केलं. त्यांची नक्षी विणणाऱ्या उमरेडच्या विणकराला ते फोनवर सांगत होते, "दुसरा कोणी पाह्य बा आता. माहे डोये गेले."

तरी माझं डोकं चाललं नाही. महिन्याभराने अशीच तक्रार एका गिऱ्हाइकाची आली, तेव्हा कुठे मी कोड उघडला. स्क्रीन सेकंदाला साठ वेळा चित्र बदलते असं आपण म्हणतो, पण आमच्या स्क्रीनचा खरा आकडा साठाहून किंचित कमी होता. कोडमध्ये मात्र अपूर्णांक उडवून सरळ साठ लिहिलेले. त्यामुळे आतला कॉम्प्युटर पुढे पळायचा आणि साधारण दर सतरा सेकंदांनी एक चित्र गळायचं. बाबांची मागावरची मोजणी सेकंदाला एक, म्हणून त्यांना सतराव्याला धागा सुटलेला दिसायचा. शेजारी टीप होती, 'चालेल, कोणाला दिसतंय!'

टीप माझीच होती. स्वतःची इतकी शिसारी मला कधी आली नव्हती. एक धागा चुकला तर वीतभर विणलेलं उसवणाऱ्या माणसाच्या पोटी जन्मून मी हे लिहिलं होतं. वर त्यालाच आंधळा ठरवून मोकळा झालो होतो. थू!

दुरुस्तीला अर्धा दिवसही लागला नाही. बाबांना खुर्चीत बसवलं. ते किनार सरकवत मागावरच्या लयीत मोजू लागले. सतरा गेले, अठरा गेले. चाळिसाला थांबले.

"चूक कोणाची होती?"

"माझी."

त्यांनी नवा चष्मा काढला, डबीत ठेवला आणि डबी माझ्यापुढे सरकवली.

"हा तूच लाव. आन् उमरेडले फोन लाव. डोये कोणाचे गेले होते, थे तूच सांग त्याले."