आजारी होतो

इथे जर्मनीत हिवाळ्यात दुपारी साडेतीनलाच अंधारून येतं. मुलगा आणि सून कामावर, नात रेवा बालवाडीत. मी सोफ्यावर आडवी होते, आणि डोळे मिटतात न मिटतात तोच जर्मनच्या वर्गात बसलेली असते. शेजारच्या बाकावर नादेर आहेत. त्यांना जाऊन तीन आठवडे झाले, हे मला स्वप्नातही ठाऊक आहे.

नादेर सीरियातले, होम्सचे. तिथे घड्याळं दुरुस्त करायचे. मी बार्शीची, पोस्टातून निवृत्त झालेली. आम्हा दोघांत एकच भाषा, जर्मन, आणि तीही मोडकी. इथल्या लोकांशी बोलताना मी वाक्य आधी मनात जुळवते. ते जुळेपर्यंत समोरचा पुढे निघून गेलेला असतो. नादेर थांबायचे. रेवाने सहा महिन्यांत ही भाषा बालवाडीतून सर्दी आणावी तशी घरी आणली, तिला काळ कुणी शिकवले नाहीत. मी नियम पाठ करते आणि तरी अडते.

"आज पाठ कुठला?" मी विचारते.

"भूतकाळ," नादेर म्हणतात. "मला तो येत नाही."

फळ्याच्या जागी बार्शीच्या आमच्या घरातली पुढची खोली आहे. माझ्या दोघी बहिणी, काकू, सगळ्या खाली बसल्यात आणि मधोमध नादेर बोलताहेत. अरबीत. भराभर, हात उडवत, मध्येच आवाज खाली आणत. बहिणींना हसू आवरत नाही. मला एक अक्षर कळत नाही. मला माहीत होते ते नादेर तीन-चारशे शब्दांचे, सावकाश, थोडे बावळट. या माणसाशी माझी ओळखच झालेली नाही.

"नादेर, माझ्याशी बोला ना," मी जर्मनमध्ये म्हणते.

ते वळतात, आणि लगेच पुन्हा सावकाश होतात.

"त्या बुधवारी मी फोन केला."

"हो."

"मी काय म्हणालो?"

खोली लांबत जाते. दोन्ही बाजूंना दवाखान्याची बंद दारं आहेत. बहिणी कुठेच नाहीत.

"'इश वार क्रांक' म्हणालात. आजारी होतो."

"मग?"

"मी म्हटलं, बरं, आता आराम करा. आणि फोन ठेवला."

त्यांना 'बिन' म्हणायचं होतं. आजारी आहे. वर्गात नेहमी चुकायचे, तेच चुकले. त्यांचा आवाज बसला होता, शब्दाशब्दाला धाप लागत होती, ते मला ऐकू येत होतं. पण मी क्रियापद पकडून बसले. बार्शीत कुणी तशा आवाजात काहीही म्हटलं असतं, तरी मी चप्पल घालून निघाले असते. शुक्रवारी शेजाऱ्यांनी त्यांचं दार उघडवलं.

"माझी चूक," नादेर म्हणतात.

"तुम्ही चुकता हे मला माहीत होतं की."

"परत म्हणू?"

"म्हणा."

ते ओठ जुळवतात. वाक्य येत नाही, नुसती धाप येते.

"राहू द्या," मी म्हणते, आणि मराठीतच म्हणते. "बोलू नका. ताप बघू द्या."

मी त्यांचं मनगट धरते. चांगलंच गरम आहे. नाडी हाताला लागते.

"मी आलेय. इथंच बसते."

त्यांना मराठी येत नाही. तरी ते मान हलवतात, आणि मी पकड आणखी घट्ट करते.

दाराची बेल वाजते. सून रेवाला घेऊन आली असणार. खोलीत पूर्ण काळोख आहे. माझा उजवा हात माझ्याच डाव्या मनगटावर आवळलेला आहे. तो सोडवायला वेळ लागतो. मी दिवा लावून पाहते. मनगटावर चार बोटांचे लाल वळ उठलेत, आणि खालच्या बाजूला अंगठ्याचा.